उस्तादच्या हद्दीतली पिवळी गाडी

मला पिवळा रंग शोभत नाही. हे आईने सांगितलं, दोन मावश्यांनी सांगितलं आणि सक्करदऱ्याच्या तलावावर कपडे धुणाऱ्या बायांनी तर न विचारता सांगितलं. तरी एका हिवाळ्यात चार महिने मी नखशिखांत पिवळा होतो. सदरा आणि विजार एकत्र शिवलेला पिवळा पोशाख, गळ्यापासून पोटाखालपर्यंत एकच लांबलचक चेन, डोक्यावर पिवळी टोपी आणि टोपीवर लाल रंगाचा तेलाचा थेंब. पहिल्या दिवशी घरातून निघालो तर आई दारातच म्हणाली, "काय बाप्पा हे! हळद लावून घेतली अन् आमाले सांगितलं बी नाही?"

शेजारची काकू कुंपणावरून ओरडली, "हळद नाही वं ते, भोपळ्याचं फूल होय. बेसनात बुडवून तळून काढ याले."

मी दोघींना कडक सलाम ठोकला आणि सायकलवर टांग टाकली. त्या दिवशी मी इतका खूश होतो की काकूने खरंच तळलं असतं तरी हसत कढईत उतरलो असतो.

झालं असं होतं की नागपूरहून सावनेरला जाणाऱ्या रस्त्यावर वाहनं बंद पडून लोकांचे फार हाल होत. एकीकडे कोळशाचे ट्रक, दुसरीकडे संत्र्याचे, मधून एसटी. वाहनमालकांच्या मंडळाने सरकारकडे बरीच वर्षं मागणी लावून धरली होती की रस्त्यावर एक मदतीची गाडी फिरती ठेवा. सरकार दर वर्षी "विचार चालू आहे" म्हणे. शेवटी इंजिनाचं तेल विकणारी मुंबईची एक कंपनी पुढे आली. गाडी आम्ही देतो म्हणाली, सामान देतो, मिस्त्री देतो, दुरुस्ती फुकट करतो. अट एकच, गाडीवर आमचं नाव पाहिजे. नाव आलं. ते इतकं मोठं आलं की दाराची मूठ एका अक्षराच्या पोटात जाऊन बसली आणि पहिला आठवडा आम्हाला दार शोधावं लागे. मागच्या बाजूला लिहिलं होतं, "वाटेत थांबलात? आम्ही आलोच!"

त्या गाडीवर मिस्त्री म्हणून माझी निवड झाली. मी तेव्हा अठ्ठावीसचा होतो. इंटर नापास होऊन बाविसाव्या वर्षी पाना हातात धरला, त्याला सहा वर्षं झाली होती. आणि ज्याच्याकडे मी ती सहा वर्षं काढली, त्या माणसाची जागा याच रस्त्यावर होती. घोळ सगळा तिथे होता.

त्याला अख्खा रस्ता उस्ताद म्हणे. पाटणसावंगीच्या अलीकडे दोन चिंचांच्या मधे त्याची जागा होती. वर ताडपत्री, खाली पोती, फांदीला लटकवलेला एक टायर, हीच त्याची पाटी. जकात नाक्यापासून नदीच्या पुलापर्यंतचा पाच मैलांचा तुकडा त्याची हद्द. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण त्या पाच मैलांत गाडी बंद पडली की क्लीनर उतरून उस्तादकडेच चालत यायचा, मग गाडीचा मालक कोणी का असेना.

याचं मोल काय, हे समजायला त्याचं गाव पाहायला हवं होतं. गाव रस्त्यापासून हाकेवर. उस्ताद बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्यांपैकी. दीक्षेच्या दिवशी आपल्या तेव्हाच्या मालकाच्या ट्रकमध्ये चार गावांची माणसं भरून त्याने नागपूरला आणली होती. वाटेत रेडिएटर फुटला तेव्हा त्या माणसांनी डोक्यावरून पाणी आणून आणून ट्रक पोचवला, ही त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट. पण गावातल्या हॉटेलात त्याच्यासाठी दांडी तुटलेला कप अजून वेगळा टांगलेला होता, म्हणून तो गावात चहा पीत नसे. आणि त्याच गावचे पाटील जीप अडली की दोन चिंचांखाली येऊन पोत्यावर बसत आणि उस्ताद "थांबा" म्हणाला की थांबत. गावात त्याला कोणी वाट देत नव्हतं. रस्त्यावर त्याच्या शब्दाखेरीज गाडी हलत नव्हती.

आमच्या धंद्यात तेव्हा एक रीत होती. गाडी खोलली आणि सामान आणायला शहरात जावं लागलं, की मिस्त्री हात पुसायची आपली तेलकट चिंधी गाडीच्या मुठीला बांधून जाई. अर्थ असा, की या गाडीला डॉक्टर लागलेला आहे. मग दुसऱ्या मिस्त्रीने तिला हात लावायचा नाही. मालकाने पाय धरले तरी नाही. उस्ताद तर म्हणे की चिंधी बांधलेल्या गाडीला चोरसुद्धा हात लावत नाही. हे मात्र खरं नव्हतं. एकदा जॅक गेला होता.

नोकरी लागल्याचं सांगायला मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो ट्रकखाली होता. नुसते पाय बाहेर. मी पायांशीच बोललो.

"उस्ताद, नोकरी लागली."

"कुठी?"

"तेलाच्या कंपनीत. मदतीची गाडी निघून राहिली या रोडवर. दुरुस्ती फुकट."

खालची ठोकाठोक थांबली. "फुकट म्हणजे सामान कोण देईन?"

"कंपनी."

"अन् कंपनीले काय भेटन?"

"नाव होईल त्यांचं."

"नावानं पोट भरते का गा कंपनीचं?" तो सरकत बाहेर आला. नाकावर ग्रीस, डोळे माझ्यावर. "अन् तू फुकटात करशीन तं माह्यापाशी कोण येईन?"

हा प्रश्न मला आदल्या दिवसापासून खात होता. उत्तर मी सायकलवर पाठ करून आलो होतो. "तुमच्या हद्दीत आमची गाडी थांबणारच नाही. नाक्याच्या पुढं गेलो की सुसाट, ते पुलापाशीच ब्रेक. पाच मैल तुमचे."

"साहेब गाडीत बसून राहिला तरी?"

"साहेब बसला तरी."

"पाहाय बरं," तो म्हणाला. "जबान देऊन राहिला तू."

"दिली."

"मंग जाय. अन् नट कसताना घाई नको करू, तुही खोडच आहे ते."

मी शब्द दिला तो खरा दिला. मला तेव्हा वाटत होतं की शब्द पाळणं म्हणजे न थांबणं, एवढंच.

उद्घाटन नागपूरच्या वेशीवर झालं. मांडव, सनई, पाहुणे म्हणून एक मंत्री, वाहनमालकांच्या मंडळाचे सगळे पदाधिकारी आणि कंपनीचा साहेब. साहेब मुंबईचा, पुस्तकासारखं मराठी बोलणारा, उन्हात गॉगल आणि सावलीत घाम. वाईट माणूस नव्हता. त्याला मनापासून वाटत होतं की आपण पुण्य करतोय, आणि पुण्याचा फोटो निघायला हवा. मंत्र्यांनी फीत कापली, नारळ फुटला, त्याचं पाणी माझ्या पिवळ्या पोशाखावर उडालं. मग साहेबाने जाहीर केलं, "आता आपण प्रत्यक्ष मदत पाहू या. पहिलं बंद पडलेलं वाहन मान्यवरांच्या समोर दुरुस्त होईल."

आमची पिवळी गाडी पुढे, मागे तीन मोटारी, त्यात मंत्री, साहेब, वार्ताहर आणि फोटोवाला. निघालो बिघाड शोधायला.

आणि त्या दिवशी, देवाशप्पथ सांगतो, सावनेर रोडवर एक गाडी बंद पडली नाही! जे ट्रक दर दोन मैलांवर खोकत, धूर ओकत उभे राहायचे, ते नवरदेवासारखे झुलत चालले होते. एक म्हातारी कोळशाची लॉरी, जी रोज कोराडीच्या वळणावर हमखास बसायची, ती तर हॉर्न वाजवत आम्हाला मागे टाकून गेली. आमचा ड्रायव्हर एसटीतून निवृत्त झालेला, तोंडात कायम सुपारी-तंबाखूचा खर्रा. तो म्हणाला, "भाऊ, आज पूर्ण रोडले पाहुण्यांची लाज वाटून राहिली."

मागच्या मोटारीतून निरोप आला की मंत्र्यांना दोन वाजता नागपुरात बैठक आहे. वार्ताहराला भूक लागली होती. कोणीतरी सुचवलं की आपलीच एक मोटार बंद पडल्यासारखी उभी करू. साहेब चिडला. "खोटं नको! आमची कंपनी खोटं करत नाही. प्रामाणिक बिघाड पाहिजे."

प्रामाणिक बिघाडाच्या शोधात आम्ही जकात नाका ओलांडला. मी ड्रायव्हरला म्हटलं, "आता दाबा. पुलापर्यंत थांबायचं नाही." त्याने दाबला. पहिला मैल गेला, दुसरा गेला. मी मनात मैलाचे दगड मोजत होतो. तिसऱ्या दगडाशी बाभळीखाली संत्र्याचा ट्रक उभा होता. बॉनेट उघडं. आणि दाराच्या मुठीला चिंधी.

मागून हॉर्नवर हॉर्न. साहेबाची मोटार आम्हाला आडवी आली. थांबावंच लागलं.

ट्रकचा ड्रायव्हर चाकाला टेकून संत्रं सोलत होता. आमचा लवाजमा पाहून उभा राहिला. मी विचारलं तर म्हणाला, "वॉटर पंप गया. उस्ताद नागपूर गया है लाने. चिंधी बंधी है, दिखती नहीं क्या?"

दिसत होती. मी ती गाठसुद्धा ओळखत होतो. मी साहेबाजवळ गेलो आणि हळूच सांगितलं, "साहेब, ही गाडी नाही चालणार. हिला मिस्त्री लागलेला आहे."

"कुठे आहे मिस्त्री?"

"सामान आणायला गेला. ती चिंधी आहे ना बांधलेली..."

साहेबाने गॉगल काढून चिंधीकडे पाहिलं. "तो मळका कपडा?"

"हो. ती रीत आहे, साहेब."

"आपल्या गाडीत वॉटर पंप आहे?"

होता. या जातीच्या ट्रकचे दोन होते. मी टोपी सारखी करू लागलो, पण आमच्या खर्रावाल्याने खिडकीतून मान काढून प्रामाणिकपणे सांगितलं, "दोन आहेत नं साहेब."

"मग?" साहेब म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं. राग असता तर मीही चिडलो असतो. तो मला समजावत होता. "हा माणूस सकाळपासून उन्हात बसलाय. त्याची फळं सडतील. आपल्याकडे पंप आहे, तुमच्याकडे हात आहेत. एका कपड्यासाठी त्याला ताटकळत ठेवणार? ही मदत झाली का?"

ट्रकवाला आता माझ्याकडे बघत होता. फुकट होणार, लगेच होणार, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. त्याने संत्रं खाली ठेवलं. मंत्री घड्याळ बघत होते. फोटोवाला सूर्य बघत होता. आणि मी? मी स्वतःकडे बघत होतो. पिवळा पोशाख, लाल थेंब, समोर मंत्री, उद्याचा पेपर. खरं सांगतो, उस्ताद माझ्या मनात होताच. पण तो मागच्या रांगेत उभा होता, आणि पुढच्या रांगेत माझा फोटो.

मी चिंधी सोडली आणि खिशात घातली.

बॉनेटखाली वाकलो आणि हात थबकला. उस्तादने जुना पंप काढून पोत्यावर ठेवला होता. नट आणि बोल्ट काढले त्याच क्रमाने ओळीत मांडलेले, बसायची जागा घासून लख्ख केलेली, नवीन गास्केट कापून तयार. मला फक्त पंप बसवायचा होता आणि त्याने उजवीकडून मांडलेले नट डावीकडून कसत यायचे होते. अर्ध्याहून जास्त काम त्याचं झालेलं होतं. मी पाऊण तासाचं काम वीस मिनिटांत उरकलं. मंत्री म्हणाले, "वा! काय चपळाई!" टाळ्या पडल्या. फोटोवाल्याने मला तीनदा हसायला लावलं आणि तिन्ही वेळा मी मनापासून हसलो.

ट्रक सुरू झाला. ड्रायव्हरला हार घातला, तेलाचा डबा दिला, मदतपत्रकावर त्याची सही घेतली. तो गेला. लवाजमा चहा पीत होता, तेवढ्यात नागपूरकडून एसटी आली आणि बाभळीपाशी थांबली. उस्ताद उतरला. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेला पंप.

त्याने रिकामी जागा पाहिली. रस्त्यावर पडलेलं पाणी पाहिलं. मग मला पाहिलं.

"झालं का काम?" त्याने विचारलं.

"झालं, उस्ताद."

"गळून तं नाही राहिला?"

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. मग हात पुढे केला. "माही चिंधी?"

मी पिवळ्या खिशातून काढून दिली. त्याने ती झटकली आणि सगळ्यांच्या देखत तिने कपाळाचा घाम पुसला. बांधायची वस्तू आता पुसायची राहिली होती. तेवढ्यात आमचा साहेब हसतमुखाने पुढे आला. "हे स्थानिक कारागीर का? छान, छान. यांनाही द्या आपला एक डबा!"

कोणीतरी तेलाचा डबा उस्तादच्या हातात कोंबला. त्याने तो मैलाच्या दगडावर अलगद ठेवला आणि पंप खांद्यावर घेऊन आपल्या चिंचांकडे चालू लागला. दोन मैल. ऊन डोक्यावर होतं, आणि आमच्याकडे चार गाड्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला. आईने कापून डब्यात ठेवला. काकू म्हणाली, "काळ्या-पांढऱ्यात बरा दिसते गा तू."

पेपर ट्रकवाले वाचत नाहीत, पण बातमी त्यांना पेपरच्या आधी कळते. ढाब्यावर, नाक्यावर, वजनकाट्यावर एकच बोलणं की उस्तादची चिंधी सुटली. आधी लोकांना गंमत वाटली. मग हिशेबी लोकांच्या लक्षात आलं की उस्तादकडे कशाला जायचं, थांबा थोडं, पिवळी गाडी येतेच. उस्तादच्या हद्दीत ट्रक बंद पडत आणि ड्रायव्हर सावलीत झोपून आमची वाट पाहत. आम्ही नाही थांबलो तर हात करत, शिव्या देत, आणि मंडळाकडे तक्रार जाई की फुकटची गाडी असून मिस्त्री माजलाय. साहेबाची चिठ्ठी आली. आम्ही थांबू लागलो. एव्हाना पाटणसावंगीचे दुसरे मिस्त्रीही चिंध्या सोडायला लागले होते. एकाला मी हटकलं तर तो म्हणाला, "तू सोडली तं मंत्र्यानं टाळ्या वाजवल्या. आमी सोडली तं काहून पाप?"

रोज दोनदा मी त्या चिंचांवरून जायचो. सुरुवातीला उस्ताद कुठल्यातरी गाडीखाली असायचा, नुसते पाय दिसायचे. मग तो बसलेला दिसू लागला. मग हत्यारं पुसत बसलेला. कामात असलेल्या माणसाची हत्यारं कधी इतकी चकचकीत नसतात.

मला नाटकाची आवड लहानपणापासून. मी ठरवलं की उस्तादला काम आणि मान दोन्ही मिळवून द्यायचे, आणि कंपनीच्याच गाडीवर. ड्रायव्हरला विश्वासात घेतलं. तो म्हणाला, "भौ, पेन्शन खाऊन राहिलो मी, मले फसवू नको," पण आला. चिंचांच्या बरोबर समोर, भर दुपारी, आमची पिवळी गाडी आचके देत बंद पडली. मागे मोठ्या अक्षरांत "वाटेत थांबलात? आम्ही आलोच!" आणि आम्हीच थांबलेलो! जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. एका एसटीने तर मुद्दाम वेग कमी केला आणि सगळी एसटी खिडकीतून हसली. मी कपाळावर हात मारला, टोपी आपटली, बॉनेट उघडून आत डोकं घातलं, डोकं हलवलं. मग लोकांना ऐकू जाईल असं ओरडलो, "माझ्यानं होत नाही! उस्ताद, तुम्हीच या!"

माझा बेत असा की उस्ताद उठेल, दोन मिनिटं बघेल, काहीतरी करेल, गाडी सुरू होईल आणि संध्याकाळपर्यंत ढाब्याढाब्यावर नवी बातमी जाईल की फुकटच्या गाडीलाही शेवटी उस्तादच लागला.

उस्ताद उठला. सावकाश आला. त्याने बॉनेटमध्ये डोकावलंसुद्धा नाही. ड्रायव्हरला म्हणाला, "मार सेल्फ." ड्रायव्हरने मारला. उस्तादने मान तिरकी करून ऐकलं, जसा वैद्य नाडी धरतो तसं. मग माझ्याजवळ आला आणि इतक्या हळू बोलला की दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये.

"रोटर तुह्या खिशात आहे. लाव अन् जाय."

ठिणगी वाटून देणारा तो बोटाएवढा तुकडा खरंच माझ्या खिशात होता.

"उस्ताद, लोक बघताहेत, तुम्ही नुसता हात लावा..."

"त्या दिवशी बी लोकच पाहून राहिले होते नं गा," तो म्हणाला. "लोकांसाठी सोडलं, आता लोकांसाठी बांधतं. मी काय तुह्या खेळातला राजा होय?"

मी रोटर लावला. गाडी पहिल्या फेऱ्यात सुरू झाली. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं की मीच दुरुस्त केली. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत ताडपत्री उतरली. एके दिवशी टायरही नव्हता, नुसती फांदी. मी त्याच्या घरी गेलो. उस्तादची बायको अंगण झाडत होती. तिच्या हातच्या भाकरी मी सहा वर्षं खाल्ल्या होत्या. तिने मला बस म्हटलं, पाणी दिलं, पण झाडू हातातून ठेवला नाही.

"खाणीत लागले ते," ती म्हणाली. "वर्कशापात. आठ तासांची ड्युटी, डोक्यावर छप्पर. चांगलंच झालं म्हना नं."

"हो ना, वहिनी. चांगलंच झालं."

"पन पहिले घरी आले की गोष्टी सांगत. आज अमका ट्रक आला, तमक्यानं असं म्हटलं. पोट्टे हसून हसून लोळत. आता इचारलं तं म्हनते, खाणीत काय गोष्टी रायते." तिने कचरा सुपात भरला. "तुमी फोटोत चांगले निंगाले, भाऊजी. पोट्ट्यानं दाखवला."

त्यात टोमणा होता की नव्हता, हे मला आजही सांगता येत नाही.

उन्हाळा लागला आणि साहेबाने आम्हाला नागपुरातल्या सदर भागातल्या ऑफिसात बोलावलं. खूश होता. म्हणाला, "मोहीम अत्यंत यशस्वी झाली. आपल्या तेलाचं नाव आता या रस्त्यावर प्रत्येकाच्या तोंडी आहे. त्यामुळे ती आपण समाप्त करतोय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "यशस्वी झाली म्हणून बंद?"

"अर्थात. आता हेच रायपूरला करायचंय. तिकडे अजून आपल्याला कोणी ओळखत नाही."

मी म्हटलं, "साहेब, या रस्त्यावर आता कोणी राहिलं नाही. रस्त्यावर बसणारा एक मिस्त्री होता, तो गेला. आता मे महिना तोंडावर आहे. गाडी बंद पडली तर माणूस जाईल कुठे?"

साहेबाला खरंच वाईट वाटलं. त्याने पंख्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "ते सरकारचं काम आहे ना?" आणि पिवळा पोशाख जमा करून घेतला. धुऊन आणायला हवा होता, असंही म्हणाला.

त्या मे महिन्यात त्या पाच मैलांवर काय काय उभं राहिलं ते ट्रकवाल्यांनाच विचारावं. लग्नाचं वऱ्हाड एका टेम्पोत दुपारभर भाजलं. संत्री तर किती गेली. लोक सवयीने सावलीत झोपून राहत, कारण त्यांना वाटे की पिवळी गाडी येतेच आहे. ती रायपूरला होती. आणि चिंधी बांधून सामान आणायला जाण्याची कोणाची हिंमत राहिली नव्हती, कारण परत येईपर्यंत गाडी आपली राहील याचा भरवसा नव्हता. मिस्त्री म्हणत, ढकलत गावापर्यंत आणा, मग बघू.

माझ्याकडे नोकरी नव्हती, हात होते. मी खाणीच्या फाटकाशी उभा राहिलो. पाळी सुटली, उस्ताद सायकल घेऊन बाहेर आला. खाकी कपडे, छातीवर बिल्ला. मी म्हटलं, "उस्ताद, तुमच्या जागेवर बसू का? तुम्ही परत येणार असाल तर नाही बसत. तुम्ही हो म्हणाल तरच."

त्याने सायकलवर टांग टाकली. "मले कायले इचारतं? रोड सरकारचा आहे."

"जागा तुमची आहे."

"होती तवा इचारलं नाही," तो म्हणाला, आणि पॅडल मारलं.

मी बसलो. ताडपत्री लावली, पोती टाकली. सुरुवातीला महिनाभर कोणी आलं नाही, मग एकेक करत येऊ लागले. बारा वर्षं मी त्या दोन चिंचांखाली काढली. मुलगी झाली, तिचं बारसं झालं, आई गेली, हे सगळं तिथे बसूनच. लोक मला मिस्त्री म्हणाले, भाऊ म्हणाले, कोणी कोणी साला म्हणाले. उस्ताद कोणी म्हणालं नाही, आणि पाटलांची जीप अडली तर पाटील पोत्यावर बसत नसत. उभ्यानेच म्हणत, "लवकर कर रे."

उस्तादचा खाणीत जायचा रस्ता तोच. सकाळी एकदा, पाळी सुटली की एकदा. मान सरळ, नजर समोर. मी पहिली काही वर्षं उठून उभा राहायचो. मग नुसतं हातातलं काम थांबवायचो.

एकदा पावसाळा संपता संपता तो परत येत होता आणि बरोबर माझ्या समोर त्याच्या सायकलची चेन उतरली. खडकन आवाज झाला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. चेन नुसती उतरली नव्हती, तिची कडी तुटली होती. माझ्याकडे पक्कड होती, हातोडी होती, कडीसुद्धा होती. मी उठलो. चार पावलं पुढे गेलो.

तो उतरला. सायकल हातात धरली आणि चालत पुढे निघाला. ताडपत्रीच्या पुढे, चिंचेच्या पुढे, पन्नास-साठ पावलं. तिथे रस्त्याच्या कडेला सायकल उलटी ठेवली, एक दगड शोधला आणि खाली बसून त्या दगडाने कडी ठोकायला लागला. दगडाने कडी बसायला वेळ लागतो. मी उभा राहून मोजत होतो. बोट दोनदा चेचलं असावं, कारण दोनदा त्याने हात झटकला. बसली अखेर. त्याने चेन चढवली, पॅडल हाताने फिरवून पाहिलं, कान जवळ नेऊन ऐकलं. मग गवताला हात पुसले आणि गेला.